सावरलेली कुस्ती

"उजव्या हातात काही फरक नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या आणि त्यांनी पडदा केतकीच्या बाजूला वळवला.

पडद्यावर दोन रेषा होत्या. बाईंनी "हं, आवळा मूठ" म्हटल्याबरोबर केतकीच्या वडिलांच्या, आण्णांच्या डाव्या दंडाची रेषा ताडकन उभी राहिली होती. उजव्या दंडाची मात्र आधी नुसतीच पसरून राहिली, मग उठू की नको असं करत अर्ध्यावर येऊन थांबली. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आल्यानंतर काढलेला आलेख शेजारीच होता. जुन्या आणि नव्या आलेखात काही फरक नव्हता.

"तुमचं मशीनच बिघाडलंय," आण्णा म्हणाले. "ह्याच हातानं मी मागल्या म्हैन्यात मिरजंच्या पोरीला ढाक लावून पाडली. अख्ख्या म्हाराष्ट्रानं बगितलं. इचारा हिला, हीच पंच हुती."

"त्या पडद्यावरच्या खेळात पाडली असेल, वस्ताद. पण हा स्नायू जागा व्हायलाच वेळ घेतोय. ढाक राहू द्या, या हातानं शर्टाचं बटण लावायलासुद्धा तुम्हाला त्रास होत असणार."

आण्णा गालात हसले. डॉक्टर लोकांना कुस्तीतलं काय कळतंय, असा त्या हसण्याचा अर्थ होता. केतकीही हसली, पण गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आज सकाळी आण्णांच्या शर्टाची बटणं तिनंच लावली होती.

ढाक म्हणजे काही ताकदीचा खेळ नव्हे. समोरच्याचा हात धरायचा, अंगाखाली शिरायचं आणि त्याला कळायच्या आत उलथा करायचा. तो डाव वेळेवर चालतो. उशिरा जागा होणारा हात ढाक लावूच शकत नाही. आणि त्या कुस्तीचा निकाल लाखो लोकांसमोर केतकीनं स्वतःच्या तोंडानं दिला होता.

आण्णांचं, दत्ताजी इंगवले हे नाव कोल्हापुरात अजून आदरानं घेतात, ते त्यांनी जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा एका न खेळलेल्या नुरा कुस्तीमुळे. आधी ठरवून केलेली लुटुपुटूची कुस्ती म्हणजे नुरा. ऐन उमेदीत असताना एका मोठ्या मैदानाच्या आदल्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं होतं की लोकांना जरा वेळ खेळवायचं आणि मग संयोजकांच्या लाडक्या पैलवानाखाली पाठ टेकायची. दत्ताजींनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सलामी झाली आणि पब्लिक नीट बसायच्या आत लाडका पैलवान आकाश बघत होता. त्यानंतर मोठ्या मैदानाचं बोलावणं त्यांना कधी आलं नाही. त्यांनी गल्लीत छोटी तालीम काढली, पोरं घडवली आणि त्या एका दिवसाबद्दल तोंडातून कधी खंतीचा शब्द काढला नाही.

त्याच तालमीत विश्वजित चौगुले नावाचा एक किडमिडा मुलगा यायचा. कुस्तीत त्याची डाळ शिजली नाही, पण डोकं तल्लख होतं. पुढं त्यानं 'शड्डू' हा घरबसल्या इंटरनेटवरून खेळायचा कुस्तीचा खेळ बनवला.

शड्डूत हातात धरायच्या जॉयस्टिक नाहीत, बटणं नाहीत. अंगात बंडी घालायची. तिच्या बाह्यांच्या अस्तरात धातूच्या बारीक टिकल्या असतात. आपण हात हलवायचं ठरवलं की मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत येतो आणि स्नायूत एक सूक्ष्म विजेची लहर उठते. हात प्रत्यक्षात हलतो त्यानंतर, सेकंदाच्या काही शतांश भागांनी. टिकल्या ती लहर पकडतात. म्हणजे आपण काय करणार हे आपल्या हाताच्या आधी बंडीला कळतं. समोरच्यानं पकड घातली की बाहीतल्या हवेच्या पिशव्या फुगतात आणि मनगटावर खरोखरचा दाब येतो. जागेवरून हलायचं नाही, नुसता जोर लावायचा. त्यामुळं जाडजूड माणसं, म्हातारे, झटका येऊन गेलेले, मैदानात ज्यांना कधी कुणी उतरू दिलं नाही अशा बायका, सगळे कुस्ती खेळायला लागले.

आता मिरजेहून कोल्हापुरापर्यंत संदेश यायलाही थोडा वेळ लागतोच. लहर आणि हालचाल यांच्यामध्ये जो वेळ वाचतो त्यात हा प्रवास उरकतो आणि दोघांना समोरासमोर असल्यासारखं वाटतं. युक्ती सुंदर होती. फक्त तो वाचलेला वेळ खेळाडूंच्या ताब्यात नव्हता. तो विश्वजितच्या कंपनीच्या सर्व्हरवर जमा होत होता आणि तिथं त्याचं काय होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

विचारलं नाही याचं एक कारण स्वतः केतकी होती. खेळांच्या कंपन्यांनी तोवर लोकांना इतक्यांदा टोप्या घातल्या होत्या की नव्या खेळाकडे कुणी सरळ नजरेनं बघत नव्हतं. कुणी माणूस म्हणून यंत्राशी खेळवलं होतं, कुणी खेळ विकून वर्षभरात गाशा गुंडाळला होता. विश्वजित तेव्हा केतकीकडे आला होता. ती डाव समजावून सांगणारं एक चॅनेल चालवायची आणि दत्ताजींची लेक म्हणून लोक तिचा शब्द मानायचे. "तू पंच हो," तो म्हणाला होता. तिनं अट घातली: चॅनेल माझं राहील, कंपनीचं नाव त्यावर येणार नाही, निकाल देताना मला कुणी अडवणार नाही. पहिल्याच हिवाळ्यात कंपनीनं गाजावाजा करून आणलेल्या बड्या पैलवानाविरुद्ध तिनं निकाल दिला आणि विश्वजितनं तो जाहीरपणे मान्य केला. त्या एका दिवसात शड्डूवर लोकांचा जो विश्वास बसला, तो कुठल्याही जाहिरातीनं बसला नसता.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिच्या चॅनेलवर चावडी भरायची. ज्याला आपल्यावर अन्याय झाला असं वाटे तो कुस्ती घेऊन येई. केतकी ती संथ गतीनं पुन्हा दाखवी आणि निकाल देई, जिंकणाऱ्याचं नाव घेऊन आणि हरणाऱ्याचंही. हरलेल्याचं नाव न घेता दिलेला निकाल म्हणजे अर्धा निकाल, असं आण्णांनी तिला लहानपणापासून बजावलं होतं.

मिरजेची सायली मगदूम अशीच चावडीवर आली होती. "ताई, माझा हात आधी गेला होता," ती म्हणाली होती. "पकड बसलेली मला कळली. मग ती सुटली आणि आण्णांची ढाक लागली. असं होऊच शकत नाही."

वडिलांची कुस्ती, तेव्हा दुसरा पंच नेमा, असं केतकीनं स्वतःहून सांगितलं होतं. त्यावर लोकच म्हणाले, ताई, तुम्हीच द्या, तुमच्यावर भरवसा आहे. तिनं ती कुस्ती पुन्हा पुन्हा बघितली. आण्णांचा हात स्वच्छ आधी आला होता. तिनं निकाल दिला आणि वर हसत म्हणाली, "सायली, पडलो तरी नाक वर, असं करू नये." लोक खदखदून हसले. पुढं आठवडाभर त्या मुलीला लोक रडकी मगदूम म्हणत राहिले. शड्डूच्या लीगमधल्या महिला गटात तिची निवड होणार होती, ती झाली नाही आणि नंतर ती शड्डूवर दिसली नाही.

दवाखान्यातून आल्यावर केतकीनं ती कुस्ती पुन्हा लावली. आण्णांचा उजवा हात पंचविशीतल्या पैलवानासारखा सुटला होता. तिनं पडदा बंद केला, आण्णांना जेवायला वाढलं आणि थेट उजळाईवाडीच्या माळावरचं कंपनीचं ऑफिस गाठलं.

"मूळ नोंद दाखव," ती विश्वजितला म्हणाली. "बंडीतून निघालेली. तुमच्या सर्व्हरनं हात लावायच्या आधीची."

विश्वजितनं आढेवेढे घेतले असते, उलट बोंबा मारल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नुसते खांदे उडवले आणि नोंद काढून दिली. जणू इतके दिवस तिनं मागितलीच नव्हती एवढाच काय तो प्रश्न होता.

सायलीची लहर आधी आली होती. ठसठशीत, सरळ. आण्णांची तिच्यामागून, डॉ. मुजावरांच्या पडद्यावर होती तशीच, उठू की नको करत. सर्व्हरनं सायलीची लहर किंचित रोखून धरली होती आणि आण्णांची उचलून, भरून, पुढं ढकलली होती. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळाचा फरक. चावडीवर केतकीला दिसायचं ते यानंतरचं.

"आम्ही याला सावरणं म्हणतो," विश्वजित म्हणाला.

"सावरणं?"

"माणूस लागोपाठ हरला की खेळ सोडून जातो, केतकी. बंडीला नाडी कळते, घाम कळतो. आज हा उठून जाणार, हे त्याच्या आधी आम्हाला कळतं. मग त्याला एक कुस्ती द्यायची."

"आणि ती आणायची कुठून?"

"जो सोडून जाणार नाही त्याच्याकडून. ही मगदूम घे. हरली की दुप्पट जिद्दीनं यायची. अशी माणसं खेळाला फार लागतात."

केतकीनं मनात हिशेब लावला. प्रामाणिकपणे खेळणाऱ्याच्या ताटातलं काढून कंटाळलेल्याच्या ताटात वाढायचं आणि कारण काय, तर प्रामाणिक माणूस उठून जात नाही.

"मग ती गेली कशी?" तिनं विचारलं.

"ती हरली म्हणून नाही गेली. तू हसलीस म्हणून गेली." त्यानं हे सहज सांगितलं. "ते आमच्या हिशेबात नव्हतं."

"आणि आण्णा? त्यांनाही यंत्रानंच सावरलं?"

विश्वजितचा चेहरा मऊ झाला. "वस्तादांचं मी स्वतः बघतो. त्यांचं सावरणं बाकीच्यांपेक्षा जास्त ठेवलंय. झटका आल्यावर कसे झाले होते ते, तुला आठवतंय की. भिंतीकडं तोंड करून पडायचे. आता बघ. गुरुदक्षिणा समज."

"विश्वजित, नुरा नको म्हणून त्या माणसानं सगळं आयुष्य गल्लीत काढलं. आणि तू त्यांच्या तालमीतला पोरगा, तू त्यांना नुरा खेळवतोस?"

"नुरा कुठं आहे ती? त्यांना ठाऊकही नाही."

"हेच सांगतेय तुला. नुरेत निदान दोन्ही पैलवानांना ठाऊक असतं. इथं दोघं जिवाच्या आकांतानं लढतायत आणि कुस्ती तेवढी खोटी आहे. आणि तिच्यावर शिक्का मारायला मला बसवलंयस."

"लोक खूश आहेत, केतकी."

"बाकीच्या मूळ नोंदी दे. पहिल्यापासूनच्या."

"तक्रार आली तर महिना-दोन महिने ठेवतो, नाहीतर रोजच्या रोज पुसतो आम्ही. किती जागा खातात त्या." त्यानं आण्णांच्या कुस्तीची नक्कल तिच्या फोनवर पाठवली. "ही घेऊन जा. तुझ्या वडिलांचीच आहे, कायद्यानं त्यांचा हक्क आहे. जा, सांग लोकांना. पण आधी वस्तादांना सांग, आणि जमतंय का बघ."

कुंपणानंच शेत खायचं आणि वर शेतकऱ्याला विचारायचं, तुला सांगवेल का? माळावरून घरी येईपर्यंत केतकीच्या डोक्यातली तिडीक उतरली नव्हती. पण विश्वजितनं नेमकं ठिकाण दाबलं होतं, हे तिला कळत होतं.

आण्णा खाटेवर बसले होते. बंडी अंगात होती, गाल तकतकीत झाले होते. नुकतेच कराडच्या कुणाला तरी पाडून ते ताक पीत होते. केतकीनं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, मध्ये कुठंही न थांबता, कारण थांबली असती तर पुढं गेली नसती.

आण्णांनी पेला खाली ठेवला. "त्या पोरीचा हात आदी आलता?"

"होय."

बराच वेळ ते उजव्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिची पकड बसल्याली मला कळलं हुतं. घट बसलीती. मग सुटली कशी, हे मी मनाला इचारलं न्हाई."

केतकीला वाटलं, आता ते बंडी काढून फेकतील. शिव्या घालतील, काठी घेऊन माळावर निघतील. तिला तेच हवं होतं.

"रविवारी बोलू नगंस," आण्णा म्हणाले.

"आण्णा?"

"कंपनीला काय बोलायचं ते बोल. पर माजी कुस्ती काडू नगंस. एवडा उन्हाळा जाऊ दे. सकाळी उठावं असं वाटतंय, केते. लई दिसांनी वाटतंय."

आयुष्यात तिनं या माणसाला कुणाकडं काही मागताना बघितलं नव्हतं. तालमीच्या छपराला पत्रे नव्हते तेव्हाही नाही. केतकीला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो आण्णांवरचा नव्हता. मैदानाच्या मालकांना ज्याची मान वाकवता आली नाही, त्याला एका बंडीनं आपल्या लेकीपुढं हात पसरायला लावलं होतं. तेही प्रेमानं. मारून नमवलं असतं तर तो परत उठला असता.

"सायलीचा निकाल फिरवायचा तर हरणाऱ्याचं नाव घ्यावं लागेल," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

आण्णांनी भिंतीकडं तोंड केलं.

रविवारपर्यंत आण्णांनी केतकीशी बोलणं टाकलं. सायलीला तिनं आधीच फोन केला होता. "आता काय उपयोग ताई?" ती म्हणाली. "निवड होऊन गेली की." पण चावडीवर ती आली, पडद्याच्या कोपऱ्यात, हॉस्पिटलातल्या ड्यूटीच्या कपड्यांत.

केतकीनं नमस्कार केला आणि प्रस्तावना न करता दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. लहर कुठं उठली, कुठं अडवली, कुठं भरली, हे एकेक करून दाखवलं. सावरणं म्हणजे काय ते सांगितलं. तिचा फोन वाजायला लागला, विश्वजितचं नाव दिसत होतं. तिनं तो पालथा ठेवला.

"मी तुम्हाला खोटं दाखवलं," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. पण तुमचा भरवसा कंपनीवर नव्हता, माझ्यावर होता, आणि मी एकदाही विचारलं नाही की मला जे दाखवतात ते कुठून येतं. सायली, मी तुझी चेष्टा केली. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला सगळ्यांसमोर हसले. मी तुझी माफी मागते."

सायलीनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

"आता निकाल. मिरजेची सायली मगदूम विजयी." केतकी म्हणाली. शेजारच्या खोलीचं दार उघडंच होतं. "चितपट, इंगवले तालमीचे दत्ताजी इंगवले."



ती बोलत असतानाच कंपनीचं निवेदन आलं. खेळाडूंचा विश्वास हाच आमचा पाया, गैरसमज दूर करू, सर्वांना एक महिना खेळ मोफत. असली निवेदनं बहुधा खेळाच्या आधी लिहून होतात. केतकीला वाटलं, आता लोक भडकतील, बंड्या काढून टाकतील, माळावर मोर्चा नेतील. तिनं पडद्याखाली येणारे संदेश वाचायला घेतले.

शिव्या होत्या, नाही असं नाही. पण त्यांना मागं सारून दुसरंच काही येत होतं. ताई, पाडव्याला मी जिंकलो होतो, ती खरी होती का. ताई, माझ्या मुलीनं पहिली कुस्ती मारली तेव्हा आम्ही पेढे वाटले, ती तरी खरी ना. ताई, मी सलग हरत होतो म्हणून खेळ सोडला, तेव्हा माझ्याकडून काढून घेत होते का. लातूर, वाई, चंदगड, बार्शी. कुणाला कंपनीचं काय होणार याची फिकीर नव्हती. प्रत्येकजण आपापली कुस्ती परत मागत होता आणि तिच्याकडे देण्यासारखी एकही नव्हती.

त्या लोंढ्यात एक नाव आलं, इंगवले तालीम. आण्णा फोनशी बोलून संदेश पाठवत, त्यामुळं ते बोलतील तसंच उमटायचं.

"माझ्या समद्या मिळून येक तरी खरी हुती का."

केतकी कॅमेरा तसाच चालू ठेवून उठली. आण्णा खाटेवर फोन हातात घेऊन बसले होते. बंडीचे पट्टे त्यांनी डाव्या हातानं सोडवायला घेतले होते, अर्धेच सुटले होते. तिनं पुढं होऊन हात लावला, तेव्हा त्यांनी तो बाजूला केला.

"माहीत नाही, आण्णा," ती म्हणाली. "जुन्या नोंदी पुसल्यात त्यांनी. आता कुणालाच सांगता यायचं नाही."

"इश्वजितला तरी?"

"त्यालाही नाही."

"त्याला लंगोट बांदाय मी शिकवला." "म्हंजी जिकल्याली बी गेली आन् हरल्याली बी गेली."

पुढच्या खोलीतून संदेशांचा टिकटिक आवाज येत होता.

"तुजी चावडी चालू हाय न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"आहे."

"मग हितं का हुबी ऱ्हायलीस? जा. लोकं थांबल्यात."

"आणि तुम्ही?"

"मी बी त्यांच्यातलाच हाय. माजा नंबर झाला," आण्णा म्हणाले आणि उरलेला पट्टा ओढायला लागले.

केतकी परत येऊन बसली आणि तिनं पुढचं नाव वाचलं.